पोत

दुपारी दोन ते चार मी चित्रं तपासतो.
साखर पेठेत, वरच्या खोलीत,
खिडकीवर जुन्या चादरीचा जाड तुकडा ठोकून.
बाहेर चव्वेचाळीस अंश, खाली लूम सुरू,
त्यामुळे टीव्ही टेबलावर किंचित थरथरतो.
हेही वहीत लिहून ठेवलंय, पहिल्याच पानावर :
थरथर चित्राची नाही, इमारतीची.

वहीत रकाने पाडलेत.
रेघ. रंग. काळोख. आभाळातले पट्टे.
(खराब डिस्कमध्ये रंगवलेली संध्याकाळ
जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांनी उतरते;
चांगलीत, कधी अंधारलं ते कळत नाही.)
शंभरापैकी गुण. अर्ध्या गुणासाठी
एकेक चौकट थांबवून मी रात्र काढलेली आहे.
बायको म्हणते, कार्टून बघून न हसणारा
सोलापुरात हा एकच माणूस.

बगळ्याच्या सिनेमाला मी सत्त्याण्णव दिले होते.
हातानं काढलेला, चाळीस वर्षांपूर्वीचा,
आता नव्यानं साफ करून आणलेला.
एक ठिपका नाही, एक ओरखडा नाही,
मुलीचा गाल स्टीलच्या ताटासारखा लख्ख.

राजेशम चिलवेरी कूलरसाठी वर येतात.
एकतीस वर्षं जेकॉर्डची कार्डं मारली त्यांनी :
आलेखाच्या कागदावर मोर, चौकोन भरत भरत,
मग चौकोनाला भोक, भोकाला धागा.
त्या दिवशी चष्मा कपाळावर सारून
त्यांनी पडद्याला नाक लावलं.
म्हटलं, मामा, सहा फुटांवरून बघायचं असतं.
म्हणाले, सहा फुटांवरून गिऱ्हाईक बघतंय.

मग बोट मुलीच्या हनुवटीखाली.
"इथली रेघ कुठं गेली?"
मी मागे नेलं. पुन्हा नेलं.
हनुवटी आणि गळा यांच्यामधली पेन्सिल,
केसाएवढी,
सात चौकटी नव्हतीच.
"आणि पोत कुठाय? खळ काढता काढता
सूतबी धुतलंय की रे कुणीतरी."

कपाटातून जुनी डिस्क काढली,
जिला मी एकसष्ट दिले होते. शेरा : कण फार.
कण होतेच. गिरणीतल्या पिठासारखे,
हलते, दर चौकटीत वेगळे बसलेले.
रेघ होती. शिवाय
बगळ्याच्या पंखावर, एके ठिकाणी,
आडवा चिकटलेला कुंचल्याचा केस.
मी तो खोट म्हणून नोंदवला होता,
मिनिट-सेकंदासकट.
मामा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.
"गडबडीत होता गडी," एवढंच म्हणाले,
"शनिवार असंल. पगाराचा."

वीज गेली. खालचे लूम एकदम गप्प.
कूलरचं शेवटचं पाणी टपटपलं.
टीव्ही काळा, आणि त्यात आम्ही दोघं,
पट्टे नाहीत, काळोख बरा, पैकीच्या पैकी.
तेव्हा त्यांनी सांगितलं, सत्त्याऐंशी साली
एक भोक चुकलं होतं, मोराच्या डोळ्यात.
तीनशे डझन चादरी गेल्या. मोर तिरळा.
मालकाला कळलं नाही, गिऱ्हाइकाला नाही.
"पुन्हा कधी दिसली का तुम्हाला?"
"बिदरला. लॉजवर. अंगावर घ्यायला दिली त्यांनी.
रात्रभर उलटी पांघरली."
हसले की काय, अंधारात कळलं नाही.

वीज चारला आली.
मी सत्त्याण्णव खोडला.
त्या जागी काय लिहायचं ते ठरेना.
नवा रकाना पाडला, त्याला नाव सुचेना.
मामा कठडा धरून उतरत होते,
जिन्यात अर्ध्यावर थांबले, ओरडले :
"ती जुनी कुणाला देऊ नको बे!"

खाली लूम लागले.
टेबल थरथरू लागलं,
आणि थांबवून ठेवलेला बगळा,
केसासकट,
थोडासा हलला.